अर्धा रंगवलेला ट्रॅक्टर

प्रिय सायमन,

तू गेल्याला चार महिने झाले आणि आज मी पहिल्यांदा तुला लिहितेय. कारण काल तुझा शो झाला. हो, तोच, दुबईतल्या शाळेच्या हॉलमधला, खेळण्यातल्या ट्रॅक्टरांचा. तू टेबल आधीच बुक करून ठेवलं होतंस, हे मला कसं कळणार? गेल्या महिन्यात ऑर्गनायझरचा फोन आला, "मॅडम, सर का टेबल कन्फर्म है ना?" मी म्हटलं, "हां, कन्फर्म है." का म्हटलं, ठाऊक नाही. हल्ली मी सगळ्यालाच हो म्हणते.

मी रडले नाही, सायमन. तुझ्या वेअरहाउसमधून, जबल अलीहून फोन आला तेव्हा मी ऑफिसात एक मेल टाइप करत होते. तो पुरा केला, सेंड केला, मग उठले. वसईला तुला मातीत ठेवताना माझ्या डोक्यात एकच, शारजाच्या फ्लॅटमधला गीझर बंद केला की नाही? तुझी बहीण सगळ्यांना सांगत होती, "ग्लोरिया किती धीराची!" धीर कसला? दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही ना, तसं झालंय सगळं अंग.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तू गेलास त्याच्या आधीचा शनिवार. तू दुपारभर आतल्या खोलीत काहीतरी रंगवत होतास. बाहेर आलास आणि म्हणालास, "ग्लोरिया, खांद्यापासून हात जड झालाय गं." मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हटलं, "चार-चार तास त्या खेळण्यांवर वाकून बसलास की होणारच!" तू हसलास. बाम लावलास. मंगळवारी तू ऑफिसच्या खुर्चीतच गेलास.

तू तरी का नाही म्हणालास, की आज जरा वेगळं दुखतंय? माझ्या एका वाक्यावर गप्प बसायचं वय होतं का आपलं?

त्यानंतर मला ती खोली नको झाली. काचेच्या कपाटातले दीडशे ट्रॅक्टर, लाल, हिरवे, निळे, सगळे दाराकडे तोंड करून. मी ठरवलं, शोमध्ये नेऊन सगळे विकून टाकायचे. खलास.

अकरा वर्षं तू मला त्या शोला नेत होतास आणि अकरा वर्षं मी शेजारच्या मॉलमध्ये वेळ काढला. "एकदा आत ये तरी," म्हणायचास. मी म्हणायचे, "वाळवंटात ट्रॅक्टर कसले बघायचे?" एकदा विचारलं होतं, तुला हे वेड लागलं कुठून? तू म्हणालास, "आमच्या वाडीत बांध इतके जवळजवळ, ट्रॅक्टर वळलाच नसता. इथे कपाटात वळतो." मला तेव्हा तो विनोद वाटला.

काल मी आत गेले. केवढं छान असतं रे ते! एका म्हाताऱ्या डच गृहस्थाने काडेपेटीएवढे गवताचे भारे मांडले होते. केरळच्या दोघा भावांनी टेबलावर अख्खं भाताचं शेत केलं होतं. मी तुझे ट्रॅक्टर रंगांप्रमाणे लावले. शॅरन म्हणाली, "मम्मा, डॅड कीप्स देम बाय इयर, नॉट बाय कलर." मी म्हटलं, राहू दे, विकायचेच आहेत.

दुपारपर्यंत साठेक गेले. लोक विचारत, "सर नहीं आए?" मी म्हणे, "ही इज नो मोअर." अगदी मेल वाचून दाखवल्यासारखं. ते सॉरी म्हणत, मी थँक्यू म्हणत पिशवी पुढे करी.

मग एक सरदारजी आले. पन्नाशीचे असतील. टेबल वरून खालून बघितलं आणि मला विचारलं, "सायमन साहब किधर हैं? मेरा ट्रैक्टर देना था उन्होंने."

त्यांचं नाव हरपालजी. तुला ते माहीतच आहेत, पण मला कुठे माहीत होते? खोर फक्कान बंदरातून तुमच्या वेअरहाउसला ट्रेलरवर कंटेनर घेऊन यायचे; ऑक्टोबरपासून त्यांना दुसऱ्या रूटवर टाकलंय. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. जुना निळा ट्रॅक्टर, एक दिवा फुटलेला, बॉनेटवर पंजाबीत काहीतरी लिहिलेलं, सीटवर त्यांचे वडील. तो ट्रॅक्टर विकून टाकला, म्हणाले. आता वडिलांना माणसं ओळखू येत नाहीत, पण रोज विचारतात, ट्रॅक्टर कुठेय? तू म्हणाला होतास, हुबेहूब तसाच छोटा करून देतो, त्यांच्या हातात द्या. एप्रिलमध्ये हरपालजी सुट्टीवर गावी चाललेत.

मी टेबलाखालून एक खोका ओढला. त्यात एक निळा ट्रॅक्टर होता, अर्धाच रंगवलेला, म्हणून मी तो विकायला मांडला नव्हता. दिवा फुटलाय म्हणून घरी कचऱ्यातच टाकणार होते. सायमन, तो दिवा तू मुद्दाम फोडला होतास!

म्हणजे त्या शनिवारी तू ह्याच्यावर वाकला होतास.

हरपालजी म्हणाले, "चार महीने से फ़ोन कर रहा हूँ, उठाते नहीं. मैं तो ग़ुस्सा था साहब पे." तुझा फोन माझ्या ड्रॉवरमध्ये बंद पडलाय. मी नेहमीचं इंग्लिश वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि ते आलंच नाही. म्हटलं, "वो मर गए. ऑक्टोबर में. मैं उनकी बीवी हूँ."

ते तिथेच खुर्चीवर बसले आणि बाहीत तोंड घालून रडले. एवढा आडवातिडवा माणूस, भर हॉलमध्ये! मी त्यांना पाणी दिलं. माझ्या डोळ्यांत काही नाही. मला लाज वाटली रे. तुझ्यासाठी परका माणूस रडतोय आणि मी पाण्याच्या बाटलीचं झाकण शोधतेय.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "ऐसे ही दे दो, भाभीजी. बापूजी को क्या पता चलेगा?"

मी म्हटलं, "नहीं. पूरा करके दूँगी."

शॅरन माझ्याकडे बघतच राहिली. "मम्मा, यू कांट इव्हन ड्रॉ!"

"मग दर ख्रिसमसला केकवर नावं कोण लिहितं?" मी म्हटलं. ती हसली. घरात, म्हणजे आम्हा दोघींत, चार महिन्यांनी कुणीतरी हसलं.

हरपालजींनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर बॉनेटवरचं नाव मोठ्या अक्षरांत काढून दिलं. आईचं नाव आहे म्हणाले. मला वाचता येत नाही. वळणं मात्र समजतात. मग मी उरलेले सगळे ट्रॅक्टर पुन्हा गुंडाळले आणि घरी आणले. एक गिऱ्हाईक मागे लागलं होतं, त्याला म्हटलं, "सॉरी हबीबी, नॉट फॉर सेल."

आज चर्चमधून, मिस्सेहून आल्यावर मी आतल्या खोलीत गेले. तुझ्या खुर्चीत बसले. तू डोक्याला बांधायचास ते भिंग बांधलं, तर ते घसरून नाकावर आलं. पट्टा तुझ्या डोक्याच्या मापाचा. मी आधी तुझ्या मापाच्या भोकाशी पेनाने खूण केली आणि मग पट्टा दोन भोकं आत घेतला. टाकाऊ पत्र्यावर पहिलं अक्षर काढलं. वाकडं आलं. पुसलं. पुन्हा काढलं. रडू आलं नाही.

ऐक आता. एप्रिलच्या आत हा ट्रॅक्टर पुरा होईल, आईच्या नावासकट, फुटक्या दिव्यासकट. आणि तो हरपालजींच्या हातात दिला की त्याच दिवशी मी शॅरनला समोर बसवून तुझ्या खांद्याचं सांगणार आहे. तू काय म्हणालास आणि मी काय म्हणाले, शब्दन् शब्द. ती काय म्हणेल मला माहीत नाही. ती उठून गेली तर दाराबाहेर बसून राहीन, पण सांगीन. हे मी तुला कबूल करते.

तुझीच,
ग्लोरिया