कोहळ्याचं बी

माय,

मी नोकरी लागून वर्ध्याला आले आणि तू माझ्याकडे राहायला आलीस, त्या वर्षीची वही काल काढली. संध्याकाळी कचेरीतून आलं की स्टोव्ह पेटवायच्या आधी चार ओळी लिहायची माझी सवय तुला ठाऊक आहे. "देवालेही कोनी येवढं सांगत नसन," म्हणायचीस. वहीत सगळं आहे. नळ किती वाजता आला, अश्विनातलं ऊन कसं भादव्यापेक्षा जास्त चावलं, मोठ्या साहेबांनी माझी टिपणी परत पाठवली ती कोणत्या शब्दावरून. कोजागिरीच्या पानावर लिहिलंय: "आज भुलाबाईचा खाऊ आपल्याकडे होता. मुलींना ओळखता आला नाही. माय खूश." त्यात एक अक्षर खोटं नाही. तरी ते पान पुढे उलटवेना. त्यात जे लिहिलेलं नाही ते तुला सांगायचं आहे.

तू आलीस ती पोळा झाल्यावर, अल्लीपूरहून हिंगणघाटला बस बदलून, मांडीवर गाठोडं घेऊन. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. भाजीची वाडी तू आणि काका मिळून पाहत होतात. मी हट्ट धरला होता, की संक्रांतीपर्यंत तरी माझ्याकडे राहा, मग जा. गाठोड्यातून आधी निघालं ते राख लावलेल्या बियांचं पांढरं फडकं, गाठ मारलेलं. लाल कोहळ्याचं बी. ज्याला शहरातल्या बायका भोपळा म्हणतात ते. तुझ्या सासूनं तुझ्या हातात दिलेलं, दर वर्षी लावून दर वर्षी नवं काढलेलं. गावी ते चुलीवरच्या आढ्याला टांगलेलं असायचं. माझ्या खोलीत चूल नव्हती. तू स्टोव्हवरचा खिळा पाहिलास आणि म्हणालीस, "धूर नाई तं कीड लागन न वो याले." मग घरमालकीणबाईंच्या शेगडीतली राख मागून आणून पुन्हा चोळलीस, आणि तिथेच टांगलंस. म्हणजे तू परत जाणार होतीस. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की मी शहरात रुळले आहे. कचेरीत 'मला' म्हणता म्हणता घरीही म्हणू लागले होते. एकदा ताटावर बसून मी म्हणाले, "मला भाकर नको." तू तवा उतरवलास आणि शांतपणे म्हणालीस, "हापिसात मला म्हनजो. इथं मीच हाये, मले म्हन." मी हसले, पण मला राग आला होता, वहीत तो राग लिहिला आहे. खरं म्हणजे रुळलीस ती तू. भुलाबाईच्या मखरासाठी ज्वारीची पाच धांडं कुठून आणायची म्हणून गल्लीतल्या पोरी घरमालकीणबाईंच्या ओट्यावर हिरमुसून बसल्या होत्या. तू कुणाला न विचारता पिपरीकडे चालत गेलीस, वावरातल्या बाईशी बोललीस आणि कणसांसकट धांडं खांद्यावर टाकून आलीस. त्या दिवसापासून तू सगळ्यांची आजी. संध्याकाळी गाणी म्हणायला त्या आपल्या दारीही येऊ लागल्या. मी कचेरीतून यायची तेव्हा आत दिवा असायचा. तू यायच्या आधी तीन महिने मीच रोज कुलूप उघडलं होतं. कुलूप उघडून अंधाऱ्या खोलीत चाचपडत काडेपेटी शोधणं मला किती जड जात होतं, ते मला तू आल्यावर कळलं.

दसऱ्यानंतर काकांचं कार्ड आलं. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू स्टोव्हजवळ पाटावर बसलीस आणि मी उभ्यानेच वाचलं. सगळे खुशाल आहेत, गाय व्यायली, पाऊस बरा झाला. त्यापुढे काकांनी लिहिलं होतं: "संक्रांतीनंतर कोहळं लावायचं म्हणून विहिरीकडची जागा वहिनीसाठी ठेवली आहे, येणार की नाही ते कळवावे." ते वाक्य मी डोळ्यांनी वाचलं, तोंडाने वाचलं नाही. त्याच्यापुढचं "लहानांस आशीर्वाद" वाचलं आणि थांबले.

"बस? येवढंच?" तू विचारलंस.

"येवढंच."

तू हात पुढे केलास. कार्ड घेऊन उजेडाकडे धरलंस आणि ओळींवरून सावकाश बोट फिरवलंस. "लई लिवलं दिसते त्यानं," म्हणालीस. मग ते देवांच्या तसबिरीमागे खोचलंस. "त्याले लिव, मी खुशाल हाये म्हनून." मी लिहिलं. त्याखाली, तुला न विचारता, आणखी एक ओळ लिहिली, की वहिनी येथे चांगल्या रुळल्या आहेत, जागेची काळजी करू नये.

मी असं का केलं याची कारणं मी वर्षानुवर्षं जमवली आहेत. तुझे गुडघे दुखायचे. विहिरीच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. बाबा नसताना तू एकटी वाडीत राखणीला बसलेली मला डोळ्यांसमोर येई. ही कारणं खरी आहेत. पण कार्ड हातात असताना यांतलं एकही माझ्या मनात आलं नव्हतं. मनात आलं ते कुलूप.

नंतरचे तीन-चार दिवस मी घरी आले की वर्तमानपत्रावर बियांची टरफलं दिसायची. कोजागिरीला खाऊची पाळी आपली होती, म्हणून मी विचारलं नाही. तू नखांनी एकेक बी सोलत होतीस, अंगठा लाल झाला होता. कोजागिरीच्या संध्याकाळी आले तर पांढरं फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलेलं. स्टोव्हवरचा खिळा रिकामा.

मुली आल्या, गाणी झाली. तू झाकण घट्ट दाबून डबा कानाजवळ हलवलास. "सांगा वो पोरींनो, काय हाये?"

"गोड की तिखट, आजी?"

"गोड."

"शेंगदान्याची चिक्की!"

"नाई."

"खोबऱ्याच्या वड्या. नाई? मंग राजगिऱ्याचे लाडू."

"आवाज तं पातळ येते," घरमालकीणबाईंची मोठी मुलगी म्हणाली, "लाडवाचा नाही तो." डबा हातोहात फिरला. एकीनं झाकणाला नाक लावलं तर बाकीच्या ओरडल्या की ही लबाडी आहे. शेवटी सगळ्या म्हणाल्या, "हारलो आजी, सांगा न आता." तू झाकण काढलंस. गुळातल्या हिरवट, चपट्या वड्या. "कोहळ्याचं बी," म्हणालीस. "बजारातून कोहळं आनता अन् बी फेकून देता, मंग कसं ओळखान?" घरमालकीणबाई म्हणाल्या, "काय बाई ही तुमची आई, सगळ्या गल्लीला हरवलं." तू तोंडावर पदर घेऊन हसलीस. इतकं हसताना मी तुला बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मग तू माझ्या हातावर एक वडी ठेवलीस. मी ती खाल्ली. चांगली झाली होती. सगळंच केलंस का, की थोडं मागे ठेवलंस, एवढं विचारायचं होतं. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस की कार्डात तं जागेचं काईच नोतं, लावायले जागा कुठी हाये आता, आणि मग मला सांगावं लागलं असतं. मी वही काढली आणि लिहिलं: माय खूश.

पुढच्या उन्हाळ्यात आपण अल्लीपूरला गेलो. विहिरीकडच्या जागेत वांगी उभी होती. काका म्हणाले, "तुमचं पत्र आलं न वहिनी, म्हनून लावली. नाई तं ठेवलीच होती तुमच्यासाठी." तू वांग्याच्या रोपाजवळ वाकलीस, एक किडकं पान तोडलंस आणि म्हणालीस, "बरं केलं." माझ्याकडे पाहिलं नाहीस. वर्ध्याला परत येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस. मी काय गाळलं होतं ते तुला तिथे कळलं, की कार्डावरून बोट फिरवलं तेव्हाच कळलं होतं, ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. त्यानंतर दोन वर्षं तू माझ्याकडे होतीस, आणि माझ्याकडेच डोळे मिटलेस. विचारायला वेळ नव्हता असं मला म्हणता येत नाही.

आता मी पिपरी मेघ्यात राहते. तू धांडं आणलीस ते वावर नेमकं कुठलं, हे प्लॉट पडल्यावर सांगता येत नाही. घरांवर टीव्हीचे अँटेना आहेत. भुलाबाई अजून बसते, पण महिनाभर नाही, शेवटचे पाच दिवस. बाजारात लाल कोहळं दिसलं की मी घेते. बी धुऊन वाळवते, सोलायचा धीर होत नाही, शेवटी कुणाला तरी लावायला देऊन टाकते. ते तुझं बी नाही. त्या कोहळ्याची चवही तशी नाही.

हे पत्र तुला टाकायचं असतं तरी तुला ते मीच वाचून दाखवलं असतं. म्हणून आत्ता, स्वयंपाकघरात पाटावर बसून, पहिल्यापासून मोठ्याने वाचून पाहिलं. काकांच्या कार्डापर्यंत नीट वाचलं. विहिरीकडच्या जागेशी आले आणि पाणी प्यायला उठले. परत येऊन वाचायला बसले ते "लहानांस आशीर्वाद" पासून.