कागद बदलणारी

१८ जानेवारी

चिमणे,

तुझं पत्र पोचलं. तुझे अहो निवृत्त होऊन घरी बसलेत आणि तुझ्या डब्यांना नंबर चिकटवत सुटलेत, हे वाचून एकटीच हसत बसले. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते आता घरचेच झालेत. तुझा स्वेटर विणतेय. एक बाही लांब झालीय, दुमडून घाल, नावं ठेवू नकोस.

पत्राच्या शेवटी तू एक ओळ लिहिलीस. डावी बाजू हल्ली गार लागते, थंडीमुळे असेल, एरवी काहीच त्रास नाही. थंडीत सिलिकॉन गार पडतं हे खरं आहे, पुष्कळ बायका सांगतात. तेवढंच असतं तर हे पत्र मी स्वेटरवरच संपवलं असतं.

अठरा वर्षांपूर्वी छातीतल्या गाठीपायी तुझी ती बाजू काढली, तेव्हा तू विचारलं होतंस, "ताई, ते सिलिकॉनचं आत बसवून घेऊ का गं? तुझ्याच कारखान्यात बनतं ना?" मी म्हटलं, "बिनधास्त बसव. माझ्या हाताखालून गेलेला माल आहे." बसवून घ्या म्हणून डॉक्टर समजावून थकले होते. तू माझं ऐकलंस.

माझ्या हाताखालून काय जायचं, ते मात्र कधी सांगितलं नाही. तपासणीच्या खोलीत प्रत्येक खेपेतले दोन नग आठवडाभर पांढऱ्या कागदावर ठेवायचे. हाताला मऊ लागावं म्हणून त्या वेळी आमच्याकडे जेलही पातळ आणि वरचं कवचही पातळ करायचे. त्यातून तेलकट ओल झिरपायची आणि कागदावर डाग पडायचा. सोमवारी तो मोजून वहीत लिहायचा. फार झिरपणाऱ्या नगाला आम्ही 'रडका' म्हणायचो. एका शनिवारी साहेब म्हणाले, "बाई, कागद मळलेत. बदलून टाका की." माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, डाग दिसला की हात शिवशिवतात. तुझ्या फ्रॉकवरची शाई आई यायच्या आत कोण काढायचं? मी कागद बदलले. सोमवारी डाग एवढासा भरला. पुढच्या शनिवारी साहेबांना सांगावंही लागलं नाही.

ऑपरेशननंतर तू इस्पितळाचं कार्ड दाखवलंस. त्यावर खेपेचा नंबर होता. ती खेप रडकी होती, चिमणे. मी कार्ड परत दिलं, "जपून ठेव" म्हटलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

या नगांवर मागे काही देशांत बंदी आली, चौकशा झाल्या, बंदी उठली. सांधे वगैरेंच्या आजारांशी संबंध असल्याचं मोठ्या पाहण्यांमध्ये दिसलं नाही. आताचे नग घट्ट जेलचे आणि जाड कवचाचे असतात. हे सगळं मी स्वतःला पाढ्यासारखं म्हणून दाखवते. पण नग आत फाटला तर बरेचदा बाईला कळतच नाही, हेही तितकंच खरं. दुखत नाही, आकार बदलत नाही. काहीच त्रास नाही, असं ती बहिणीला लिहिते.

आता पुढचं वाचून म्हातारीला वेड लागलं म्हणशील. कारखाना बंद पडला तेव्हा त्या खेपेतला तपासणीचा एक नग मी घरी आणला. तुझ्यात आहे त्याचा जुळा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कागदावर ठेवलाय. दर शनिवारी कागद बदलते. का, ते मलाही सांगता येणार नाही. इतकी वर्षं कागदावर डाग पडायचाच.

तुझं पत्र आलं त्या शनिवारी झाकण काढलं. कागद कोरडा होता. डबा गारठलेला. नग मात्र ऊन लागला, नुकताच कुणाच्या अंगावरून काढल्यासारखा. खिडकीतल्या वाऱ्यात तासभर ठेवला, तरी ऊनच. बोट टेकवलं तर आत काहीतरी हळूच वर येतं आणि खाली बसतं. माझ्याच बोटाची नाडी असणार, म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरून मोजली. जुळत नाही. मला भीती वाटतेय.

माझ्या डब्यावर विश्वास ठेवू नकोस, कागदांवर ठेव. तुझ्या खेपेखालून काढलेले खरे कागद मी फेकले नव्हते. सोबत पाठवतेय. डॉक्टरांना दाखव आणि एमआरआय करून घे. फाटला असेल तर काढता येतो. "थंडी सरू दे, मग बघू" हे तुझं नेहमीचं, ते या वेळी नको. नंतर मला हवं ते बोल. अबोला धरलास तरी मी तक्रार करणार नाही, फक्त तपासणी झाल्यावर धर.

हे पत्र डब्याच्या झाकणावर ठेवून लिहिलं. झाकण कोरडं होतं, मी पुसून घेतलं होतं. तरी या पानाच्या पाठीवर तेलकट डाग उमटलाय. स्वच्छ कागदावर उतरवून काढायला बसले, दोन ओळी लिहिल्याही. मग तो कागद फाडला. डागाचंच पाठवतेय.

या खेपेला कागद न बदललेली,
तुझी ताई