शेवाळाच्या पाकिटावरचे नाव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा त्यांना विचारत नाही. कोणाचाही दबाव नाही. तो सोसायच्या वयात भरपूर सोसला.

एक. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. "ताईला तिचं घर आहे की," असे मुलगा म्हणाला होता. बाळा, तुलाही आहे.

दोन. सूक्ष्मदर्शक नातीला. तो सासूबाईंनी स्वतःच्या बांगड्या मोडून घेऊन दिला. त्यांना अक्षरओळख नव्हती. मोरीमागच्या भिंतीवरचे शेवाळ ठेवून पहिल्यांदा डोळा लावला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर रान आहे! आणि आपण ते घासून काढतो होय?" त्यानंतर मोरीमागची भिंत त्यांनी कोणाला घासू दिली नाही. नातीने भिंग ओल्या फडक्याने पुसू नये.

तीन. माझ्या अकरा वह्या, मी जिथे नोकरी केली त्या संशोधन संस्थेला, पण एका अटीवर. मी रुजू झाले तेव्हा त्या इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हते. दिवसातून दोनदा रस्ता ओलांडून टपाल कार्यालयात जावे लागे. रानातल्या दौऱ्यांवर मला नेत नसत, "बाईमाणसाची जबाबदारी कोण घेणार?" असे आमचे विभागप्रमुख साहेब म्हणत. मग मी त्या वाटेवरच्या भिंतींचे शेवाळ पाहू लागले. चौथ्या वर्षी तिथल्या नळाखाली एक असे सापडले, ज्याची नोंद कुठेच नव्हती. साहेबांनी त्यावरचा शोधनिबंध स्वतःच्या नावाने छापला. शेवटी माझे आभार होते, 'नमुने नीट वाळवल्याबद्दल'.

मी विचारायला गेले. "अहो, नळाखालचं शेवाळ सापडायला विद्वत्ता कशाला लागते?" ते हसून म्हणाले. मी परत येऊन पुढचे नमुने वाळवायला घेतले. त्याबद्दल मला त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त आहे.

साहेब वारले. "माफ केलं असं लिहूया का?" वकीलबाई विचारतात. नको. मात्र शेवाळ ओळखायला त्यांनीच शिकवले, तेही लिहून ठेवते.

गेल्या वर्षी संस्थेतली एक तरुण संशोधक वाळवलेल्या नमुन्यांची जुनी पाकिटे चाळत होती. अक्षर माझे, तारखा माझ्या, साहेब त्या महिन्यात परदेशी. पत्ता काढून ती आली आणि जिन्यातूनच धापा टाकत म्हणाली, "आजी, हे तुम्हीच शोधलंत ना?"

चाळीस वर्षांत हे विचारणारी ती पहिलीच. चहा ठेवते म्हणून मी आत गेले आणि साखर दोनदा घातली.

निबंध छापणाऱ्या मासिकात दुरुस्ती छापून आली. संस्थेतल्या पाकिटावर शोधकर्ता म्हणून अजून साहेबच आहेत. ते नाव बदलले तरच वह्या द्याव्यात, नाहीतर त्या मुलीला.

चार. देह वैद्यकीय महाविद्यालयाला. आमच्या वेळी बेडूक चिरायच्या टेबलाभोवती मुलगे उभे राहत, आम्ही मागून टाचा उंचावून पाहत असू. माझ्या टेबलाशी मुलींना पुढे घ्यावे. नीट पाहू दे त्यांना.

ठिकाण: राहते घर, गॅलरी
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार
सही: (माझीच)
समक्ष सह्या करणारे: वकीलबाई, खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका