मामाने निवडलेला कॉम्प्युटर

प्रिय सौभाग्यवतीस,

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर लेक तुझ्या शेजारीच असते, म्हणून लिहितोय. मी ठणठणीत आहे. खोकला जवळजवळ गेलाय. तुझी कंबर कशी आहे?

रविवारी लेक म्हणाली, "बाबा, गेमिंगचा कॉम्प्युटर ठरला! मामाने सगळे पार्ट निवडून यादी दिली." मी "छान" म्हणालो. खरं सांगू? पोटात दुखलं. पै-पै साठवली आपण दोघांनी, आणि पोरीने विचारलं कुणाला, तर तुझ्या भावाला!

काल एका कॉम्प्युटरच्या दुकानातली लिफ्ट दुरुस्त करायला गेलो होतो. काम झाल्यावर काउंटरवरच्या बाईंना विचारलं, "थोडक्या पैशात मुलीला गेम खेळायला काय घ्यावं?"

त्या म्हणाल्या, "रंगीत दिव्यांवर पैसे उधळू नका. ग्राफिक्स कार्ड चांगलं घ्या. रॅम नंतर वाढवता येते."

मी सगळं तळहातावर लिहून घेतलं. म्हटलं, आता सापडेल मामाची चूक.

खोलीवर येऊन लेकीने मोबाइलवर पाठवलेली ती यादी उघडली. मामाने अगदी तेच सांगितलंय! असा राग आला की दोन घासही गेले नाहीत.

तेव्हा त्याच्याच यादीप्रमाणे घ्या. पण खोकी फोडू नका. पुढच्या महिन्यात मला चार दिवस सुटी आहे. पार्ट जोडताना तिच्या शेजारी मी बसणार. मामाला बोलाव हवं तर, पण खुर्ची लांबची दे.

तुझा,
लांबचा नवरा