मंगळवारच्या घंटेचा वारस

मी, एको आर्कोफुल, वय एकोणपन्नास, धंदा मासेमारीची जाळी दुरुस्त करणे, राहणार आबुराकोन, केप कोस्टजवळ, घाना. मी पूर्ण शुद्धीत आहे, माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पुढच्या आठवड्यात पोटाची शस्त्रक्रिया आहे. पुढचे देवाला ठाऊक, म्हणून हे लिहून ठेवतो.

१. घराच्या दोन्ही खोल्या पत्नी अबा हिला. आमच्या रिवाजाने सारे बहिणीच्या मुलांकडे जाते. पण या भिंती अबाने माझ्यासोबत लिंपल्या आहेत. तिला कोणी उठवू नये.

२. सुया, दोरा आणि होडी भाची एकुआ हिला. तिची गाठ माझ्यापेक्षा घट्ट बसते. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही.

३. आता लोखंडी घंटा. मंगळवारी आमचा समुद्र विश्रांती घेतो, कोणी होडी लोटत नाही. त्या दिवशी घंटा वाजवून गावाला प्लास्टिक वेचायला बोलावणे मी सुरू केले. पाण्याच्या पिशव्या, तुटक्या चपला, कुठल्या कुठल्या देशांच्या बाटल्या, ज्यांवरची अक्षरे इथे कोणाला वाचता येत नाहीत. पण ‘किनाऱ्याचा प्रमुख’ झाला माझा बालमित्र क्वामेना एशुन. प्लास्टिकच्या कचऱ्यावर नैरोबीला देशोदेशींची सभा भरली, तिला तो गेला, नवा कोट घालून. मी पोती शिवत बसलो. परत येऊन म्हणाला, "अरे एको, माणसं सगळी वेगळी, पण कचरा सगळ्यांचा आपल्यासारखाच!" सारे हसले. मला त्या हसण्याचाही हेवा वाटला.

म्हणून क्वामेनाला मी साक्षीदार नेमले. वकिलाने सांगितले होते, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. निदान घंटा तरी त्याच्या हाती पडायला नको.

४. इथवर अबाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आणि मेंढी? ती कुठाय यात?"

लिहितो. अकरा वर्षांपूर्वी मी मंगळवारी होडी लोटली. धरायचे आहे ते प्लास्टिक, मासे नव्हे, मग समुद्र कशाला रागावेल, अशी माझी समजूत. जाळ्यात पिशव्यांबरोबर मासेही आले. मच्छीमारांचे मुखिया नाना ओटू कडाडले, "मंगळवारी होडी कोणी काढली?" मी मान खाली घातली. क्वामेना पुढे झाला. "नाना, मीच पाठवलं त्याला. त्याचे नुसते हात." दंडाची मेंढी त्याने दिली. कशासाठी पाठवलेस, असे विचारल्यावर त्याने माझेच म्हणणे नीट समजावून सांगितले. नाना म्हणाले, "मग हे काम तूच बघ. पण किनाऱ्यावरून."

तेव्हाही मी गप्प राहिलो.

५. सबब, घंटा क्वामेना एशुन याला. माझ्यामागे पहिल्याच मंगळवारी कलम चार किनाऱ्यावर सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. तेव्हा त्याने तो कोट घालू नये, एवढी विनंती. हेवा अजून पुरता गेलेला नाही.

ठिकाण: आबुराकोन. मंगळवार, १२ मार्च २०२४.
सही: एको आर्कोफुल

साक्षीदार:
१. जेकब बायडू, चर्चमधील प्रवचनकार
२. क्वामेना एशुन (हे नाव मी स्वतः खोडले आहे. समोरच बसला होता. म्हणाला, "का रे, माझी सही चालत नाही होय?" मी म्हटले, "कळेल एखाद्या मंगळवारी.")
३. मर्सी कोमसन, शिक्षिका