आज्याच्या पदकापुढे खसखस

वाशी, रविवार, १० नोव्हेंबर १९९६

आमच्या सुमीनं कॉलेजच्या प्रदर्शनात लाल पॉपीची फुलं रंगवलीत. लढाईत पडलेल्यांच्या आठवणीला विलायतेत हेच फूल छातीवर लावतात म्हणे. परीक्षकबाई म्हणाल्या, "परक्यांचं फूल. तुझा काय संबंध?" मी खांबाआड, कान तिकडेच. आता चित्र उतरवतात की काय?

सुमी म्हणाली, "माझे पणजोबा साताऱ्याहून त्यांच्याच लढाईत गेले, परतले नाहीत. आणि हे फूल खसखशीचं चुलत भावंड. माझे बाबा मार्केटात खसखस विकतात."

सगळ्यांसमोर म्हणाली, लाजली नाही! बाईंनी चित्र दारासमोर लावायला लावलं.

वीस वर्षं खसखस विकतोय, तिचं फूल कधी बघितलं मी?

आज्याचा फोटो नाही, नुसतं पदक आहे. घरी येऊन त्यापुढे चिमूटभर खसखस ठेवली. बायको हसली, "अहो, फुलं वाहतात, दुकानातला माल नाही!"

म्हटलं, "आपल्या घरचं फूल हेच."