चौदावी विद्यार्थिनी

दि. ६ जानेवारी

तीर्थरूप दादास,
ठमीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतः रचतोस, त्यापेक्षा हे बरं.

पुस्तक झालं एकदाचं. दोनशे चौदा पानं. इथली एक संस्था त्यावर क्राफ्ट बिअर बनवण्याचा एक वर्षाचा व्यावसायिक अभ्यासक्रम काढते आहे, चौदा जागा, संस्थेच्या तळघरात आठ छोट्या टाक्या. धान्य किती भरडायचं, त्याचा गरम पाण्यातला लगदा, म्हणजे मॅश, किती तापमानाला धरायचा, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं कधी टाकायची, यीस्ट रुसलं तर त्याची समजूत कशी काढायची, असं एकोणीस वर्षं ब्रुअरीत उभं राहून हातांना जे कळलं ते सगळं उतरवलं. वहिनीला सांग, तुझी नणंद अजून बिअरच गाळते, फक्त आता शाळेत गाळणार आहे.

आता काम तुझं. प्राचार्यांना महिनाअखेर नियमावली हवी आहे. तू तीस वर्षं कचेरीत नियमच लिहिलेस, माझी भाषा त्यांना स्वयंपाकघरातली वाटते. एकच धास्ती आहे. प्राचार्यांच्या मनात शिकवायला एक यंत्रविक्रेते आहेत. आम्ही त्यांना टायवाले म्हणतो. टाक्या विकतात, बोलतात गोड, पण स्वतः एक बादली बिअर केलेली नाही. ते आत शिरणार नाहीत असं काहीतरी पक्कं लिही.

ब्रुअरी मी सोडली. माझ्या जागी हाताखालच्या माणसाला मीच बसवलं, आता त्याला उठवायला जाणार नाही. गुडघेही पूर्वीसारखे राहिले नाहीत. तेव्हा यापुढे जे काही आहे ते हा वर्ग.

वहिनीला नमस्कार. थंडी आहे, तिला सर्दीखोकल्यापासून जप.

तुझी,
ठमी


दि. १५ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मसुदा सोबत जोडला आहे. एकूण अकरा नियम. सातवा नीट बघ. शिकवणाऱ्याकडे ब्रूइंगचं मान्य प्रमाणपत्र असलंच पाहिजे. टायवाल्यांची वाट तिथेच बंद. आणि अकरावा माझा विशेष लाडका आहे. पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत कुठलाही नियम बदलता येणार नाही. उद्या प्राचार्यांना वाटलं म्हणून मागच्या दारानं कुणाला आणता यायला नको. तुझी वहिनी वाचून म्हणाली की यातून मुंगीसुद्धा आत यायची नाही. तिनं गेल्या वीस वर्षांत केलेली ही पहिली स्तुती, त्यामुळे मी जरा फुगलो आहे.

सही करण्याआधी वाच मात्र. तुझी खोड मला ठाऊक आहे. शाळेत तुझा रजेचा अर्ज मी लिहिला होता, त्यात गालगुंड लिहिलं होतं आणि तू न वाचता बाईंपुढे लंगडत गेलीस.

पुस्तक चाळलं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण ते तूच बोलते आहेस हे कळलं.

असाच लोभ ठेव आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
दादा


दि. २० मार्च

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

संस्थेच्या मंडळानं नियमावली एकमतानं मंजूर केली. अध्यक्ष म्हणाले की इतकी चोख नियमावली त्यांनी पाहिलेली नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कारकुनानं माझं प्रमाणपत्र मागितलं. मी विचारलं कसलं, तर त्यानं सातव्या नियमावर बोट ठेवलं.

दादा, माझ्याकडे कसलंच प्रमाणपत्र नाही. आमच्या जुन्या वस्तादांनी मला टाकीच्या तोंडाशी उभं करून शिकवलं. चुकलं की सगळ्यांसमोर वाभाडे काढायचे, जमलं की काही बोलायचे नाहीत. कागद कुणी दिला नाही, मी मागितला नाही. आणि टायवाल्यांकडे आहे! त्यांच्या कंपनीनं विक्रेत्यांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग घेतला होता, त्याचं. चंदेरी चौकटीत लावलंय.

त्यांची नेमणूक झाली. नियम बदला म्हणून मी प्राचार्यांकडे गेले, तर त्यांनी हसून अकरावा नियम दाखवला. पुस्तक करारानं संस्थेचं झालं आहे, दुसरीकडे नेता येत नाही. म्हणजे पुस्तक आत आणि मी बाहेर.

मी मसुदा वाचला नव्हता. तुझा होता ना, म्हणून. पण माझ्याकडे कागद नाही हे तुला ठाऊक नव्हतं?

मनात काही ठेवून लिहीत नाही, तूही ठेवू नकोस.

ठमी


दि. २८ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

नव्हतं ठाऊक. खरं सांगायचं तर विचारायचं सुचलंच नाही. कागदाशिवाय कुणी एकोणीस वर्षं एखादं काम करू शकतं ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरतच नाही. तू मोठी ब्रूअर, म्हणजे तुझ्याकडे प्रमाणपत्र असणारच, असं मी धरून चाललो. बहिणीला ओळखण्यात मी कारकूनच राहिलो. वहिनी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण भांड्यांमार्फत.

आता उपाय. रागावू नकोस, पुढचं वाच. चौथ्या नियमात प्रवेशासाठी वयाची वरची अट नाही आणि पुस्तक लिहिणाऱ्यानं विद्यार्थी होऊ नये असंही कुठे म्हटलेलं नाही. तू प्रवेश घे. वर्षभर बस. पुढच्या वर्षी प्रमाणपत्र तुझ्या हातात आणि वर्ग तुझा. मी तुला काय करायला सांगतो आहे ते मला कळतं. पण दुसरी फट या मसुद्यात मीच ठेवलेली नाही.

जमल्यास मला माफ कर, न जमल्यास निदान पत्र लिहीत राहा.

दादा


दि. २ जुलै

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

हजेरीत माझा नंबर चौदा. शेवटचा बाक, भिंतीला लागून. शेजारची खिडकी रंगानं चिकटली आहे, उघडत नाही. टायवाले रोज माझं पुस्तक मोठ्यानं वाचतात. छपाईच्या चुकाही वाचतात. एकतिसाव्या पानावर थांबून म्हणाले की लेखिकेला इथे नेमकं काय म्हणायचं असावं याचा आपण अंदाज करू. लेखिका हात वर करून बसली होती. अंदाज चुकला. मी उठून सांगितलं, तर सौजन्यानं म्हणाले की विद्यार्थ्यानं विद्यार्थ्यासारखं बसावं. संध्याकाळी प्राचार्यांचं ताकीदपत्र आलं. दुसरं आलं की नाव कापणार, तसा नियम आहे. नववा. तुझाच.

तेव्हापासून ओठ शिवून बसते. चाचणीचे प्रश्न माझ्याच पुस्तकातले होते, मला वीसपैकी अकरा मिळाले. टायवाल्यांनी त्यांच्या समजुतीनं तपासले.

शेजारी एक बेकरीवाल्या बाई बसतात. दोन मुलांच्या आई, दहा वर्षांची पावाच्या भट्टीवरची नोकरी सोडून आल्यात. यीस्टशी जुनी ओळख असल्यासारखं बोलतात. शंका माझ्या वहीच्या कोपऱ्यात लिहितात, मी उत्तर खाली लिहिते. परवा मला म्हणाल्या की तुम्ही आमच्यासारख्याच कशा बसता, मला तर वेड लागलं असतं. मी म्हटलं, दहा महिने राहिलेत. घरी जाताना वाटलं, जिन्यावरून कुणी तरी माझीच बॅग घेऊन पुढे चाललंय आणि मी मागून मुकाट्यानं चालते आहे.

वहिनीला म्हणावं, भांडी पुरे. तिच्या वाटचं मी बोलून घेतलंय.

तुझी,
ठमी


दि. ९ ऑगस्ट

तीर्थरूप दादास,
सा. न.

मंगळवारी तळघरात अपघात झाला. मी ठीक आहे, सगळे ठीक आहेत, आधी हे वाच.

बिअर आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. हवेपेक्षा जड, जमिनीशी साचतो, दिसत नाही, वासही नाही. म्हणून तळघरात उतरताना हातात गॅसचं मीटर धरायचं. ते वाजलं की कुणाचंही न ऐकता मागे फिरायचं. हे पुस्तकात नवव्या धड्यात आहे, अजून शिकवलं नव्हतं. पंखा बंद होता. टायवाले मीटर घेऊन पुढे, आम्ही ओळीनं मागे, मी सगळ्यांत शेवटी. खालच्या पायरीवर मीटर वाजायला लागलं. बॅटरी उतरली म्हणाले आणि त्यांनी ते बंद करून खिशात टाकलं, बोलणं ऐकू येईना म्हणून.

मला आवाज ओळखू आला. बाकीच्यांना नुसतं पीं-पीं. दादा, मी बोलले नाही. ताकीदपत्र डोळ्यांपुढे आलं. पाच-सहा श्वास गेले असतील. तेवढ्यात बेकरीवाल्या बाई फरशीवरची जाळी बघायला वाकल्या, त्या उठल्याच नाहीत. मग मी ओरडले. दोघांच्या मदतीनं त्यांना ओढत वर आणलं. अंगणात आल्यावर डोळे उघडले. एक दिवस दवाखान्यात होत्या, आता बऱ्या आहेत. मला जीव वाचवणारी म्हणतात.

तपासणी अधिकारी येणार आहेत. प्राचार्यांनी मला चहाला बोलावलं. माझा जबाब टाईप करून तयार होता. मीटर आधीपासून नादुरुस्त होतं, एवढंच. सही केली तर संस्था माझी खास परीक्षा घेऊन लगेच प्रमाणपत्र देईल, टायवाले परत टाक्या विकायला जातील आणि एक सप्टेंबरपासून वर्ग माझा. नाही केली तर चूक संस्थेची ठरेल, अभ्यासक्रम बंद. बेकरीवाल्या बाईंना भट्टीवर परत कोण घेणार, हेही त्यांनीच मला विचारलं.

मीटर चांगलं होतं. काय करू ते लिही. लवकर लिही.

ठमी


दि. १३ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

सही कर.

असे कागद मी आयुष्यभर पाहिले. फाईलला लागतात आणि कुणी पुन्हा उघडत नाही. एका यंत्राला वाईट म्हटल्यानं त्याची अब्रू जात नाही. बाई वाचल्या, ती तुझ्यामुळे. पाच-सहा श्वासांचा हिशेब तू एकटीच करते आहेस. दुसऱ्या पारड्यात चौदा माणसांचं वर्ष आहे आणि तुझं उरलेलं आयुष्य आहे. त्या खोलीत तुला मी कोंडलं, आता कुणी दार उघडतंय तर बाहेर ये. हे मी तुझ्याइतकंच माझ्यासाठी सांगतो आहे, तेही लपवत नाही.

वहिनीला हे वाचून दाखवलं. भांडीही वाजली नाहीत.

तुझा,
दादा


दि. ३ सप्टेंबर

तीर्थरूप दादास,
ठमीचा साष्टांग नमस्कार.

सही केली होती. या वेळी वाचून केली. परीक्षा दहा मिनिटांत झाली, प्रमाणपत्र जाड कागदाचं आहे. परवा एक तारखेला मी फळ्यापाशी उभी राहिले आणि तेरा जणांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात बेकरीवाल्या बाईंनी.

झाल्या प्रकारानंतर नववा धडा आधी घेणं भाग होतं. जुनं बिघडलेलं होतं असं सगळ्यांना सांगून संस्थेनं नवं मीटर घेतलंय. काचेच्या बरणीत थोडी बिअर आंबत ठेवली होती. झाकण काढलं, मीटर तोंडाशी धरलं आणि म्हटलं, हा आवाज कधी विसरू नका. ते वाजायला लागलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी बोलत राहिले, मग मलाही कळलं. बेकरीवाल्या बाई उभ्या राहून म्हणाल्या की त्या दिवशी शेवटच्या पायरीवर हाच आवाज होता. मग ते मीटर बिघडलेलं कसं, असं त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. शंका विचारतात तसं, वहीच्या कोपऱ्यात लिहितात तसंच विचारलं.

बिघडलेली मीटरंही कधी कधी वाजतात, असं सांगता आलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. समोर तेरा पेनं थांबली होती. मी जे बोलेन ते ती लिहून घेणार होती आणि उद्या कुठल्या तरी तळघराच्या पायरीवर त्यावर विसंबणार होती.

मी सांगितलं की मीटर चांगलं होतं. सरांनी बंद केलं. मला आवाज कळला होता आणि मी नाव कापलं जाईल म्हणून गप्प राहिले. नंतर ते नादुरुस्त होतं असं लिहून दिलं आणि त्याच्या बदल्यात आज इथे उभी आहे.

 बाईंनी विचारलं, किती वेळ गप्प होतात. मी म्हटलं, पाच-सहा श्वास. त्यांनी ते वहीत लिहिलं, वही बॅगेत ठेवली आणि तास संपायच्या आत निघून गेल्या.

आज सकाळी तपासणी कार्यालयात दुसरा जबाब देऊन आले. स्वतःच्या अक्षरात, स्वयंपाकघरातल्या भाषेत. तुझ्याकडे तपासायला पाठवला नाही, राग मानू नकोस. तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं की पहिला जबाब खोटा होता असंच लिहायचं का. प्राचार्यांचा निरोप दुपारीच आला, संध्याकाळी भेटा. अभ्यासक्रम राहील की नाही, माहीत नाही. मी तर बहुधा राहत नाही. बारा जणांना मी काय सांगणार आहे तेही ठरलेलं नाही. बेकरीवाल्या बाईंच्या घरी जाऊन आले. दार त्यांच्या थोरल्या मुलीनं उघडलं, आई घरी नाही म्हणाली. आतून त्यांचा खोकला ऐकू आला.

उद्या अकराला वर्ग आहे. कुलूप लागलेलं नसेल तर जाईन.

तू यातून मला सोडवायला काही लिहू नकोस. वहिनीला घेऊन चार दिवस ये. घरात दोन खुर्च्या आहेत, तिसरी शेजारून आणेन. लोभ असावा असं पत्रात सगळे सवयीनं लिहितात, मी या वेळी मागते आहे.

तुझी,
ठमी